लपवलेला रकाना

डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्यापुढं काही रकाने असतात. नाव, लांबी, वेग आणि पट्टी. यातला पट्टीचा रकाना मी कित्येक वर्षं बंद करून ठेवला होता, आणि तोही मुद्दाम. शिकायला येणाऱ्या पोरांना सांगायचो, तिकडं बघू नका, समोरच्या माणसांकडं बघा. आज तो रकाना माझ्या पडद्यावर सगळ्यात आधी दिसतो. हे कसं झालं ते लिहून काढावंसं वाटतं, कारण बारामती-इंदापूर पट्ट्यातले माझे बरेच सोबती अजून माझ्या जुन्या मताचे आहेत आणि ते मत हलकं नाही.

आमच्याकडं डीजे म्हणजे वरात, हळद, गणपती, जयंतीची मिरवणूक. टेम्पोवर बॉक्स, मागं जनरेटर, पुढं गर्दी. तिथं एखादं गाणं पूर्ण वाजणं दुर्मीळ. नवरदेवाच्या मित्रांचं एक, मामाच्या पसंतीचं एक, कुणीतरी टेम्पोवर चढून कानात ओरडलेलं एक. गाणं बदलताना सायरन द्यायचा, माइकवर नवरदेवाचं नाव घ्यायचं आणि थेट दुसरं सुरू करायचं. दोन गाणी एकमेकांवर येतच नाहीत, तर त्यांचे सूर जुळवायचे कशासाठी? माझा पहिला मुद्दा हा होता आणि वरातीपुरता तो मला आजही पटतो.

दुसरा मुद्दा थापेचा. हलगी, संबळ, धनगरी ढोल यांच्यावर वाढलेला हा मुलूख. गजी नाचणाऱ्यांना पेटी लागत नाही, ढोल लागतो. माणूस थापेवर नाचतो, सूर कानाला लागतो तो घरी गेल्यावर, असं मी म्हणायचो.

तिसरा मुद्दा जरा रागाचा होता. सूर जुळवून गाणी जोडण्यासाठी जगभरचे डीजे एक चक्र वापरतात. मार्क डेव्हिस यांनी ते बसवलं. कॅमेलॉट व्हील म्हणतात त्याला. घड्याळासारखे बारा आकडे, प्रत्येक आकड्याला ए आणि बी अशा दोन बाजू, म्हणजे बारा मायनर आणि बारा मेजर पट्ट्या. ८ए चाललं असेल तर पुढं ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी लावा, सूर भांडणार नाहीत, एवढाच नियम. २००६ पासून मिक्स्ड इन की या सॉफ्टवेअरनं हे आकडे घरोघर पोचवले. पुण्यात मी अशी पोरं पाहिली, की ज्यांना गाण्याचे शब्द माहीत नसायचे पण आकडा पाठ असायचा. आकड्यामागून आकडा लावत गेलेला सेट ऐकला, की मला वाटायचं, इथं निवड करणारं माणूसच उरलेलं नाही.

माझं मत हललं ते यूके गराजमुळं.

हे संगीत लंडनचं, पण त्याचं बी अमेरिकेतलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनचे डीजे न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या गराज रेकॉर्ड मूळ वेगापेक्षा जलद फिरवायचे. तबकडी जलद फिरली की गाणाऱ्याचा आवाजही वर चढतो, आणि तो चढलेला, बारीक झालेला आवाजच पुढं या संगीताची ओळख झाला. न्यू जर्सीच्या टॉड एडवर्ड्सनं तर गाण्यांतले शब्द अक्षरागणिक तोडून त्यांचे तुकडे वाद्यासारखे वाजवले. मग दशकाच्या शेवटाकडं टू-स्टेप आलं. एमजे कोलचं ‘सिन्सिअर’ १९९८चं, आर्टफुल डॉजर आणि क्रेग डेव्हिडचं ‘रि-रिवाइंड’ १९९९चं. वेग मिनिटाला १३० ते १३५ ठोक्यांच्या आसपास.

टू-स्टेपमध्ये जड ठोका चारही मात्रांवर पडत नाही. पहिलीवर पडतो, मग चुकवतो, तिसरीच्या अलीकडं किंवा पलीकडं निसटता येतो. दुसरी आणि चौथी स्नेअर धरून ठेवते. वरची बारीक झांज सरळ न चालता झोका घेते. हाऊस संगीतात दर मात्रेला आदळणारा ठोका पुष्कळ काही झाकून टाकतो. इथं तो अर्धा काढून घेतल्यामुळं जी जागा मोकळी होते तिथं बेस येतो, आणि हा बेस नुसता घुमत नाही, गातो. त्यावर ऑर्गनचे किंवा इलेक्ट्रिक पियानोचे चार-पाच स्वरांचे भरलेले कॉर्ड. म्हणजे या संगीतात थापेनं सुराला वाट करून दिलेली आहे. अशी दोन गाणी एकमेकांवर मिनिटभर ठेवायची तर सूर लपवायला जागाच नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. निमगाव केतकीच्या अलीकडं, इंदापूर रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड आहे, तिथं सामान ठेवतो आणि सराव करतो. एका संध्याकाळी मी एक गराज ट्रॅक १३२वर लावला होता आणि त्यावर एक मराठी गाणं चढवत होतो. गाणं मूळ १२४चं, ते वेगाचा फेडर सरकवून १३२वर आणलेलं. ठोक्याला ठोका तंतोतंत बसला होता आणि मी खूश होतो. शेजारच्या वस्तीवरचे अण्णा, भजनी मंडळात पेटी वाजवतात, ते जनरेटरच्या कामाला आले होते. ते दारातच थांबले आणि म्हणाले, “हे दोघं एकमेकांना ऐकत नाहीत काय रे?”

मी म्हटलं, “ताल तर जुळलाय, अण्णा.”

“ताल जुळलाय. सूर बघ की. खालचा पांढरी सहात चाललाय, वरची बाई काळी पाचात गातेय.”

शेडमध्ये माझा छोटा कीबोर्ड होता. त्यांनी एका बोटानं पांढरी सहा दाबली, ती ट्रॅकच्या बेसला चिकटली. शेजारची काळी पाच दाबली, ती गाण्याला चिकटली. मग दोन्ही एकदम दाबून धरल्या. तो आवाज मी आधी हजार वेळा ऐकला असेन, पण तो काय आहे हे मला कुणी बोटानं दाखवलं नव्हतं.

हिशेब सोपा आहे. वेग साधारण सहा टक्के वाढला की सूर पेटीवरच्या अगदी पुढच्या पट्टीवर जातो. १२४चं गाणं १३२वर नेलं की साडेसहा टक्के झाले. मूळ गाणं पांढरी सहाचंच होतं, ट्रॅकही पांढरी सहाचा. रकाना उघडून पाहिला असता तर दोन्हीकडं ८एच दिसलं असतं, पण फेडरनं गाणं चक्रावर जवळजवळ दुसऱ्या टोकाला, ३एवर, नेऊन ठेवलं होतं. मी सूर धरून ठेवणारं बटण दाबलं. त्यानं वेग बदलला तरी पट्टी बदलत नाही. बाईचा आवाज खाली येऊन बेसवर बसला. अण्णा आत येऊन खुर्चीवर बसले.

मोठ्या बॉक्सवर ही गोष्ट अंगाला कळते. खालच्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ५५ कंपनं, तिच्या शेजारची काळी पाच ५८ आणि थोडी वर. दोन्ही एकदम वाजल्या की फरक तीनचा, म्हणून सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि बसतो. छातीत जी धडधड होते ती तालाची नसते, तालाशी तिचं काही देणंघेणं नसतं, आणि नाचणाऱ्याचा पाय तिच्यामुळं नकळत अडखळतो. मी हे वर्षानुवर्षं बॉक्सचा दोष समजत आलो होतो.

अण्णांना हे इतक्या लवकर कसं कळलं, तर कॅसेटमुळं. त्यांनी भजनाच्या चाली कॅसेटवरून उचलल्या. टेपची मोटर कधी जलद चालायची, कधी बॅटरी उतरली की हळू. मग गाणं ना काळी एकमध्ये, ना पांढरी दोनमध्ये, मधेच कुठंतरी लोंबकळायचं आणि पेटी घेऊन त्यासोबत बसताच यायचं नाही. काही टेपना मागं बारीक स्क्रू असायचा, तो पिळून ते टेपच पेटीला लावून घेत. मी फेडरवर जे करतो ते या माणसानं स्क्रू-ड्रायव्हरनं केलेलं होतं, आणि कानासाठी केलं होतं.

त्या संध्याकाळनंतर माझा थापेचा मुद्दा मला तपासून बघावासा वाटला. हलगीवाले वाजवायला सुरुवात करण्याआधी काय करतात? काटक्या-पाचट पेटवून हलगी शेकतात. कातडं ताणलं जातं, आवाज चढतो. दोघं असतील तर एकमेकांची हलगी वाजवून बघतात आणि कमी वाटली ती परत जाळावर धरतात. पखवाजाला डाव्या अंगाला कणीक लागते आणि उजवं अंग गाणाऱ्याच्या सुराला ठोकून मिळवलं जातं. संबळाची दोन भांडी एका सुराची ठेवत नाहीत. थापेवर जगणारी ही माणसं सुराकडं दुर्लक्ष करून थाप देतच नाहीत. त्यांच्याच नावानं मी सूर नाकारत होतो, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीतून निघते, काटेवाडीवरून सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर. रस्त्याच्या कडेला एका जागी उभं राहिलं की दिंड्या एकामागून एक समोरून जातात. एका दिंडीचा आवाज उतरत जातो आणि मागचीचा चढत येतो. मध्ये काही क्षण दोन्ही सारख्याच ऐकू येतात. प्रत्येक दिंडीची पट्टी तिच्या चाल सांगणाऱ्याच्या गळ्यावर ठरते, त्यामुळं कधी हे दोन आवाज एकमेकांना टोचतात आणि कधी असे मिळतात की पुढची दिंडी कधी गेली ते समजत नाही. मी लहानपणापासून कडेला उभा राहत आलोय. गेल्या वारीत पहिल्यांदा मी पेटीवरची पट्टी मनात धरून ऐकलं. जिथं मिळालं तिथं दोन दिंड्यांचे सा बहुतेक वेळा षड्ज-पंचमाच्या नात्यात होते.

कॅमेलॉटचं ते चक्र दुसरं काही सांगत नाही. चक्रावर शेजारचा आकडा म्हणजे पंचम किंवा मध्यम. काळी एकचा मायनर १२ए, काळी चारचा १ए, काळी तीनचा ११ए, सगळे शेजारी. सात स्वरांपैकी सहा तेच राहतात, एक बदलतो. आणि ८एवरून ८बीवर गेलं तर सातही स्वर तेच, फक्त सा हलतो. आसावरी थाटाच्या कोमल गंधाराला सा माना, बिलावल थाट मिळतो. आपल्याकडं याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यावर एक आख्खा गायनप्रकार उभा आहे. पंडित जसराजांनी बांधलेली जसरंगी जुगलबंदी. पुरुष आणि स्त्री यांच्या पट्ट्या वेगळ्या, म्हणून दोघांनी आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गायचे, पण पुरुषाचा मध्यम तो स्त्रीचा षड्ज. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी तो प्रकार मैफलींतून गायला आहे. काळी एकमध्ये अभोगी घ्या: सा, रे, कोमल ग, म, ध. यातला म म्हणजे काळी तीन. तिथून हेच पाच स्वर मोजत गेलं की सा, ग, प, ध, कोमल नी होतात, म्हणजे कलावती. स्वर तेच, राग दोन, माणसं दोन, आणि कुणालाही आपला गळा सोडावा लागत नाही. हे ऐकल्यावर कॅमेलॉट व्हीलला परकं म्हणणं मला जमेना.

मग मी एक ट्रॅक बांधायला घेतला. अण्णा भजनाच्या शेवटी भैरवी वाजवतात, पांढरी दोनमध्ये. मी त्यांच्या पेटीचं ध्वनिमुद्रण मागितलं. त्यांनी दिलं, पण एक अट घातली: “अभंगाचे शब्द नकोत, नुसती पेटी घे.” अट मला मान्य होती. शब्द नाचायला लावायचे नाहीत, हे त्यांना जेवढं वाटत होतं तेवढंच मलाही.

पेटी सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि रकाना पाहिला. ६ए दाखवलं, म्हणजे पांढरी पाचचा मायनर. पेटी तर पांढरी दोनमध्ये होती. आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, बघा, यंत्राला काही कळत नाही. पण अण्णांसमोर स्वर एकेक करून लावले. पांढरी दोनच्या भैरवीचे सात स्वर आणि पांढरी पाचच्या मायनरचे सात स्वर तंतोतंत एकच. यंत्राला स्वर बरोबर कळले होते, सा कळला नव्हता. म्हणून मी बेस पांढरी पाचवर ठेवला, त्यावर त्या पट्टीचे भरलेले कॉर्ड लावले, वेग १३२, आणि वर अण्णांची भैरवी तिच्या ६६च्या संथ चालीत सोडली. पेटीचा सा बेसचा पंचम होऊन बसला. खाली टू-स्टेप ठोका चुकवत पळतंय आणि वर पेटी आपल्या घाईनं, म्हणजे कुठल्याच घाईशिवाय, चाललीय. अण्णांनी दोनदा ऐकलं आणि फक्त एका जागी बोट दाखवलं, जिथं मी बेसमध्ये पांढरी तीन वापरली होती. भैरवीत तिथं काळी दोन, म्हणजे कोमल रिषभ. मी ती जागा बदलली.

सोबती विचारतात, लोकांना यातलं काय कळतं? माझं उत्तर असं, की लोक “सूर भांडला” असं म्हणत नाहीत. ते पाणी प्यायला जातात, फोन काढतात, गाण्याला नावं ठेवतात. ज्या मंडळींचं अर्धं आयुष्य काकड्याला, हरिपाठाला, जागरण-गोंधळाला सूर धरण्यात गेलंय त्यांच्या कानाला कमी लेखून मी काम करत होतो. बारामतीत एका छोट्या बंद सभागृहातल्या कार्यक्रमात हा ट्रॅक मी सलग मिश्रणात वाजवला तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढं आल्या. त्यांच्यात दोघीजणी भजनी मंडळाच्या होत्या. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला ते पुरेसं होतं.

आवाजाबद्दलही इथंच सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई करतात. आमच्या धंद्यात या नियमांकडं नुकसान म्हणून बघतात. मीही बघायचो. पण बॉक्सची भिंत उभी करून वाजवलं की सगळंच कानात एकसारखं बधिर होतं, तिथं सूर जुळो न जुळो फरक पडत नाही. आवाज खाली आणला की लोकांना ऐकू यायला लागतं, आणि ऐकू यायला लागलं की वाजवणाऱ्याला सुराचा हिशेब द्यावा लागतो. म्हाताऱ्यांच्या, तान्ह्या पोरांच्या आणि आमच्या स्वतःच्या कानांचा विचार करता मला हे दुसरं हवंय. कमी बॉक्स आणि जास्त कान, असा धंदा करायची माझी तयारी आहे.

जुन्या मतातलं काही मी सोडलेलं नाही. आकडा बघून पुढचं गाणं ठरवत नाही. आधी गाणं ठरतं, मग ते कसं जोडायचं ते ठरतं. पट्ट्या जुळत नसतील तर मध्ये नुसती हलगी लावतो, सोळा-बत्तीस मात्रांची. कान रिकामा होतो आणि नवा सा घ्यायला मोकळा होतो. वरातीत सायरन आहे तसाच आहे. कधी मुद्दाम शेजारच्या पट्टीवर उडी मारतो, अंगावर काटा यावा म्हणून, पण तेव्हा दोन गाणी एकमेकांवर ठेवत नाही.

सध्या अण्णांचा आणि माझा वाद चाललाय तो एका शिवरंजनीतल्या गाण्यावरून. गाणं पांढरी सहाचं, सॉफ्टवेअर म्हणतं ८ए. पण शिवरंजनीत धैवत शुद्ध आणि ८एच्या मायनरमध्ये तो कोमल. ८एचा गराज ट्रॅक खाली लावला तर त्याच जागी ठेच लागते. शिवरंजनीचे पाचही स्वर ९एमध्ये पूर्ण बसतात, म्हणून मी ९एचा ट्रॅक लावायचं ठरवलंय. अण्णांचं म्हणणं, स्वर बसतील पण खालचा बेस दुसरा सा सांगत राहील आणि गाण्याचा करुण रंग उतरेल. त्यापेक्षा पांढरी सहाच ठेव आणि बेसमधला धैवत काढून टाक. दोन्ही तऱ्हेनं बनवलंय. इंदापूरच्या पुढच्या कार्यक्रमात पहिल्या भागात माझं आणि दुसऱ्या भागात त्यांचं वाजवणार आहे, आणि ते समोर बसणार आहेत.